किंगरीचा सूर आणि आपली वही

राजूरच्या गणपतीला अंगारकी चतुर्थीच्या दिवशी जी गर्दी लोटते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन सांगण्याची गरज नाही. जालन्याहून पंचवीस-एक किलोमीटरची वाट रात्रीतून पायी तुडवीत माणसे येतात. गणेशाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती याच ‘राजसदन’ क्षेत्री, अशी येथील श्रद्धा आहे. टेकडीवर दर्शनाची रांग, खाली नारळ-पेढ्यांची दुकाने, पाळणे, ध्वनिवर्धकांवरील आरत्या असा सारा कल्लोळ असतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका अंगारकीला, परतीच्या वाटेवर, मी एका सुरापाशी थबकले. भगवी कफनी घातलेला एक वृद्ध रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसला होता. हातात किंगरी होती : लहानसा भोपळा, त्यावर ताणलेले कातडे, एक दांडी, दोन तारा आणि घुंगरू बांधलेला गज. तो गोपीचंदाची कथा गात होता. राज्य सोडून जोगी झालेला राजा आपल्याच आईच्या दारी भिक्षेला येतो, तो प्रसंग चालू होता.

ध्वनिवर्धकांच्या गदारोळात त्याचे शब्द मला पुरते ऐकू येत नव्हते. तरीही पाय हलेना. शब्द कळत नसताना आपल्याला नेमके काय धरून ठेवते आहे, हा प्रश्न मराठीच्या अध्यापिकेला अडचणीत टाकणारा होता. कारण आमचा सारा व्यवसायच शब्दांवर उभा आहे. प्रस्तुत लेख त्या अडचणीतून निर्माण झाला आहे.

या प्रश्नाला पुढे वाट फुटली ती अगदी अनपेक्षित दिशेने. नोकरीनिमित्त स्वीडनला गेलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तिकडच्या लोकसंगीताची काही ध्वनिमुद्रणे मला पाठविली. सोबत एकच ओळ होती : ‘मॅडम, आपल्याकडच्या जोग्यांची आठवण झाली.’ ती फिडलची, म्हणजे गावठी व्हायोलिनची, वादने होती. मी ती ऐकली आणि त्याचे म्हणणे मला पटले. राग नाही, ओळखीची चाल नाही, गाणारा कंठही नाही. आणि तरी त्या खरखरीत, किंचित कण्हणाऱ्या सुरात राजूरच्या त्या वृद्धाच्या गजाचा भाऊबंद मला स्पष्ट ओळखू आला.

हे साम्य केवळ भावनेचे नाही. त्याला वादनतंत्राचा आधार आहे. स्वीडिश फिडलवादक, ज्याला तेथे ‘स्पेलमान’ म्हणतात, पुष्कळदा मुख्य तारेसोबत शेजारची मोकळी तारही गजाखाली घेतो. त्यामुळे चालीच्या तळाशी एक अखंड सूर वाहत राहतो. किंगरीवाला नेमके हेच करतो. दुसरे असे की, जुन्या स्वीडिश चालींत काही स्वर पियानोच्या पट्ट्यांमध्ये न सापडणारे असतात. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या अवकाशात ते उभे असतात. आपल्या कानाला हे नवे नाही. जात्यावरची ओवी, वासुदेवाची हाळी, जोग्याचा आलाप यांतले कितीतरी स्वर त्याच अवकाशातले आहेत. तिसरे साम्य लयीचे. ‘पोल्स्का’ हा तेथील तीन मात्रांचा नाच. परंतु काही भागांत त्या तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. एक आखडलेली, एक ताणलेली. मोजून वाजवायला जावे तर चाल मरते. पायाने ठेका धरणाऱ्या वादकाच्या अंगातच ते माप असते.

भेदही तितकाच मोठा आहे आणि तो येथे नोंदविला पाहिजे. स्वीडनचे फिडल प्रामुख्याने नाचासाठी आणि लग्नाच्या वरातीसाठी वाजे. आपली किंगरी कथेसाठी वाजते. तेथे गजाला अनुसरून पाय हलतात. येथे गज कंठाला अनुसरतो, गाणारा दमला की त्याचे वाक्य पुरे करतो, कधी त्याच्या आधीच पुढच्या ओळीत शिरतो. गोपीचंदाची आई मैनावती पुत्राला ओळखते त्या क्षणी राजूरचा तो गायक गप्प झाला होता आणि पुढचे सगळे किंगरीने सांगितले होते. कथनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तेथे शब्दांत नव्हताच.

गजाने तार छेडण्याची कला मराठवाड्याला फार जुन्या काळापासून परिचित आहे. राजूरहून जालना आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगर गाठले की देवगिरीचा किल्ला हाकेच्या अंतरावर येतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला तो येथेच. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः राजाच्या हिशेबखात्यातील अधिकारी होता. त्याच्या ग्रंथाच्या वाद्याध्यायात लघ्वी आणि बृहती अशा किन्नरी वीणांचे वर्णन आहे, आणि घोड्याच्या शेपटीचे केस ताणलेल्या गजाने वाजणाऱ्या पिनाकी वीणेचेही आहे. ‘किंगरी’ हे नाव किन्नरीशी नाते सांगते. गज मात्र पिनाकीच्या बाजूचा आहे. एकाच नावाखाली छेडून वाजणारी आणि गजाने वाजणारी अशी दोन वाद्ये नांदताना दिसतात. डक्कलवारांच्या वाद्याशी सख्य सांगणारी तेलंगणातील किन्नेरा छेडून वाजते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातीलच आदिलाबादकडे परधान गोंडांच्या दैवतकथा गातात ती किंगरी गजाने वाजते. दोन्हींचे धनी मात्र एकाच थरातले आहेत. गावाच्या शिवेवर उतरणारे, दारी येऊन दुसऱ्याच्या कुळाची किंवा देवाची कथा गाणारे.

त्यातही नाथपंथी जोग्यांचा मराठी वाङ्मयाशी असलेला संबंध आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही परंपरा फळ्यावर लिहितो. पैठणच्या एकनाथांनी जोगवा, गोंधळ, वासुदेव, बाळसंतोष, जोशी, फकीर अशी फिरस्त्यांची सोंगे घेऊन भारुडे रचली, हेही सांगतो. मालू धुंडिसुताचा ‘नवनाथ भक्तिसार’ शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ चा, हे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु एकनाथांच्या काळी बाळसंतोषाची हाळी कोणत्या सुरात येई, जोग्याची तार कशी लागलेली असे, भारुडातला कोणता शब्द त्या सुरावर रेलून उभा होता, हे आपण विचारीत नाही. भारुड म्हणजे रूपक, आणि रूपकाचा अर्थ लावला की काम झाले, अशी आपली रीत आहे.

येथे स्वीडनचा इतिहास आपल्या उपयोगी पडतो. तेथेही फिडलवर अरिष्टे आली होती. एकोणिसाव्या शतकातील धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळींनी फिडल हे सैतानाचे वाद्य ठरविले. वादकांनी पश्चात्तापाने आपली वाद्ये जाळल्याच्या, पुरल्याच्या हकिकती तिकडे सांगितल्या जातात. ओढ्यातला जलपुरुष वादकाला चाली शिकवितो आणि मोबदल्यात त्याचा जीव मागतो, या लोककथेमागे तीच भीती आणि तेच आकर्षण आहे. मग अकॉर्डियन आले. एकट्या माणसाला मोठा आवाज देणारे, सूर लावण्याची कटकट नसलेले ते वाद्य नाचाच्या मैदानावरून फिडलला हटवू लागले. दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेला निघून गेली. त्यांच्यामागे गावे आणि गावातली वादने दोन्ही ओस पडली.

अकॉर्डियनच्या जागी आपण बाजाची पेटी ठेवून पाहावी. संगीत नाटकात आणि कीर्तनात पेटी स्थिरावली आणि सारंगी मागे सरली. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांमधल्या अवकाशातला स्वर तिला काढता येत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकली, या निर्णयामागे परभृत वाद्याविषयीचा आकस होता तसा हा श्रुतींचा आक्षेपही होता. पण आकाशवाणीच्या त्या वादात किंगरीची आठवण कोणाला झाली नाही. शास्त्रीय संगीताच्या दिवाणखान्यात चाललेला तो वाद होता. किंगरी ओट्याखाली उभी होती.

स्वीडनमध्ये मात्र ओट्याखालच्या वादकाकडे काही माणसे चालत गेली. निल्स अँडरशॉन हा पेशाने कायदेपंडित गावोगाव हिंडून चाली टिपू लागला. दालार्ना प्रांतातल्या मोरा गावचा जगप्रसिद्ध चित्रकार आंदेर्श सोर्न याने १९०६ साली गेसुंदा येथे फिडलवादकांची स्पर्धा भरविली. १९०८ मध्ये लोकसंगीताचा आयोग स्थापन झाला, आणि १९१० साली स्टॉकहोममधील स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात देशभरच्या वादकांचा मेळा भरला. सोर्नच्या नावाचे पदक आजही कसोटी उतरलेल्या वादकांना दिले जाते, आणि रौप्य पदकाचा मानकरी ‘रिक्सस्पेलमान’, म्हणजे साऱ्या देशाचा वादक, म्हणून ओळखला जातो. अँडरशॉन १९२१ मध्ये वारला. त्याने जमविलेले भांडार ‘स्वेन्स्का लोतार’ या नावाने १९२२ ते १९४० या काळात चोवीस भागांत प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८००० चाली आहेत.

या ग्रंथाची मांडणी मला विशेष लक्षणीय वाटते. चाली प्रांतवार आणि वादकवार लावल्या आहेत. प्रत्येक वादकाचा परिचय आहे : कोणत्या गावचा, कोणाकडून शिकला, शेती करी की आणखी काही. आजही तेथील वादक वाजविण्यापूर्वी सांगतो की ही चाल अमक्याची. बिंगशो या लहानशा गावचा योर्ट आंदेर्श (१८६५–१९५२) याचे नाव अशा रीतीने अजून घेतले जाते, आणि १९६९ पासून त्या गावी दर उन्हाळ्यात वादकांचा मेळा भरतो. आपल्याकडे घराणेदार गवई कानाची पाळी धरून गुरूचे नाव घेतो, तसेच हे; फरक इतकाच की येथे गुरू म्हणजे एखादा खेडूत असतो.

या उपक्रमाला राष्ट्रवादी स्वप्नाळूपणाची किनार होती, हे खरे. अकॉर्डियनवाल्यांना सोर्नच्या स्पर्धेत मज्जाव होता. ‘अस्सल’ काय ते शहरातल्या परीक्षकांनी ठरविले. हा दोष मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. त्यांनी सूर टिपला, आणि सुरापुढे माणसाचे नाव लिहिले.

आता आपली वही उघडू. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा संग्रह केला. दुर्गाबाई भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आखून दिली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे संग्रहांची रांग उभी केली. रा. चिं. ढेरे यांनी नाथ संप्रदायाचा इतिहास लिहिला, आणि आमच्या मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी ‘गावगाड्याबाहेर’ राहणाऱ्या जमातींपाशी बसून त्यांचे जीवन, त्यांच्या सांकेतिक भाषा नोंदविल्या. ही सारी माणसे नसती तर आमच्यापाशी शिकवायला काहीच उरले नसते. हे ऋण मान्य करूनच म्हणायचे आहे की आपल्या बहुतेक संग्रहांत गाणे आहे पण चाल नाही, आणि ‘एक वृद्ध स्त्री’, ‘एक जोगी’ असे निनावी निवेदक आहेत. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून संगीताच्या अंगाने लोकपरंपरेकडे पाहण्याची दृष्टी दिली. परंतु मराठी विभागांनी तो ग्रंथ संगीत विभागाचा म्हणून बाजूला ठेवला, आणि बऱ्याच महाविद्यालयांत संगीत विभागच नव्हता.

एक मोठा अपवाद आहे, आणि तो आशादायी आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने पुण्यात उभा राहिलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्यांतील कित्येकांचे ध्वनिमुद्रण आहे, आणि ओवीसोबत गाणारणीचे नाव व गाव आहे. ‘पारी’ने २०१७ पासून तो सर्वांसाठी खुला केला. स्वीडनच्या चोवीस भागांशेजारी निःसंकोच ठेवावे असे हे काम आहे.

जात्याच्या ओवीला जे मिळाले ते किंगरीला का मिळू नये? माझ्या मते याचे कारण झोळीत आहे. स्वीडनचा स्पेलमान हा गावातला शेतकरी किंवा कारागीर होता. लग्नात वाजविण्याबद्दल त्याला मान आणि मोबदला होता. ओवी गाणारी स्त्रीही घरची होती. किंगरीवाला मात्र दारी आलेला परका. त्रिं. ना. आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आपण समाजदर्शन म्हणून वाचतो. त्यात फिरस्त्यांविषयीचा सूर हा प्रामुख्याने गावावरच्या ओझ्याचा आहे. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत तर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे ही भीक मागण्याची निमित्ते म्हणून गणली गेली आहेत. म्हणजे कायद्याच्या कानाला गोपीचंदाची कथा हे केवळ निमित्त! शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत भराडी या नोंदीखाली बाळसंतोषी, नाथजोगी, नाथपंथी डवरी गोसावी यांच्या जोडीने ‘किंगरीवाले’ हे नाव आहे. वाद्य हे जातीचे नाव होऊन बसले, आणि जातीच्या नावात वाद्याचा सूर कोणाला ऐकू येणार?

याचे टोक आपण १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते पाचही नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत फिरणारे. ज्या वेशाला एकनाथांनी भारुडात घेतले, त्या वेशातल्या माणसाची ओळख सांगणारे त्या बाजारात कोणी उरले नव्हते. राजूरच्या वृद्धाला मी विचारले होते, ‘बाबा, गावोगाव जाता का अजून?’ तो म्हणाला, ‘न्हाई माय. आता वळखीच्या गावातच. धुळ्याकडचं झाल्यापून पोरं जाऊ देत न्हाईत.’

येथे कोणी म्हणेल की वाद्य वाचवा, कला वाचवा. मलाही तसेच वाटले होते. त्या आवेशात मी आमच्या वर्गातील, याच समाजातून आलेल्या एका विद्यार्थ्याला त्याच्या आजोबांच्या गाण्यांवर प्रकल्प करण्यास सुचविले. त्याने चाळीस पाने सुवाच्य अक्षरात लिहून आणली. कथा पूर्ण होती, शब्दार्थ होते, प्रस्तावनाही होती. मी विचारले, ‘आणि चाल?’ तो म्हणाला, ‘मॅडम, ती लिहायला तुम्ही सांगितलंच नव्हतं.’ थोड्या वेळाने खाली पाहत म्हणाला, ‘आणि किंगरी आता घरात नाही. वडिलांनी काढून टाकली. ती दिसली की लोक विचारतात, मागायला जाता का?’

त्याच्या वडिलांना मी दोष देऊ शकत नाही. आपल्याला सूर ऐकायला मिळावा म्हणून कोणी झोळी वाहत राहावे, ही अपेक्षा क्रूर आहे. नुसत्या गौरवानेही प्रश्न सुटत नाही. तेलंगणातील किन्नेरावादक दर्शनम मोगुलय्या यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, आणि दोनच वर्षांनी ते बांधकामावर मजुरी करीत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. स्वीडनचे उदाहरण येथे वाट दाखविते ती पदकापेक्षा निराळ्या कारणाने. तेथे नाचाचा आणि वरातीचा जुना प्रसंग संपला, तरी चाल त्या प्रसंगापासून सोडविली गेली. शिक्षक, कारकून, डॉक्टर, कोणीही ती शिकू लागला, आणि ज्याच्याकडून शिकला त्याचे नाव घेऊ लागला. चाल झोळीपासून सोडविणे आणि नाव चालीला बांधणे, या दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच किंगरीला भविष्य आहे. त्यांतली दुसरी विसरून पहिलीच केली, तर ती चोरी ठरेल.

हे काम संगीतज्ञांचे आहे असे म्हणून आपण सुटू शकत नाही. लोकसाहित्याचा पेपर मराठी विभागात शिकविला जातो. वही आपल्या हातात आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. आत्ता गरज आहे ती प्रश्नपत्रिका बदलण्याची, आणि गाणाऱ्याला विचारूनच त्याचे नाव लिहिण्याच्या शिस्तीची.

त्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला मी चांगले गुण दिले. नियमाप्रमाणे ते देणे योग्यच होते. पुढच्या सत्रात तो आजोबांचा आवाज मोबाइलवर घेऊन आला. किंगरी नव्हतीच, म्हातारे नुसत्या कंठाने गात होते. मैनावती पुत्राला ओळखते त्या जागी ते थांबले. ध्वनिमुद्रणात तेथे काही क्षण काहीच नाही, फक्त दूरवर कोणाचा तरी ट्रॅक्टर वाजतो आहे. मग पुन्हा गाणे सुरू होते. मुलाला वाटले आजोबा विसरले. मला माहीत होते की ती जागा कोणाची आहे.